फेलोशिपवर शिकलेला माणूस

*सीएसआयआर-नेटचा फॉर्म भरताय? जेआरएफची वाट बघताय? मग या दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या एका माणसाची गोष्ट तुम्हाला माहिती असायलाच हवी.*

एमएस्सी झालेली एखादी मैत्रीण तुमच्या ओळखीत नक्की असणार. लायब्ररी उघडायच्या आधी दारात हजर, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून सोडवून वहीची पानं सुटलेली, आणि घरचे लग्नाचा विषय काढतात म्हणून त्यांचा फोन टाळणारी. तिला विचारा, काय चाललंय सध्या? उत्तर ठरलेलं. नेटची तयारी.

हे नाव आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचाच राहून जातो. विज्ञानवाल्यांच्या या परीक्षेचं पूर्ण नाव आहे सीएसआयआर-यूजीसी नेट. म्हणजे एका नावात दोन सरकारी संस्था. परीक्षेत वरचा नंबर लागला की जेआरएफ मिळते. २०२३ पासून तिची रक्कम आहे महिन्याला ३७ हजार रुपये. पीएचडी करा, प्रयोग करा, चुका, पुन्हा करा. घरभाडं आणि मेसचं बिल सरकार बघेल, असा हा सौदा.

पण जरा थांबून विचार करा. ज्याचा निकाल लागेल की नाही हे कुणालाच माहिती नाही, अशा कामासाठी विशीतल्या पोरापोरींना सरकारने पैसे का द्यावेत? आणि ज्या देशात स्वतःचं सरकारही नव्हतं, त्या देशात ही पद्धत आली कशी?

ती एका माणसाने एकट्याने आणली असं म्हणणं खोटं ठरेल. नेट परीक्षा तर तो माणूस गेल्यावर कितीतरी वर्षांनी सुरू झाली. पण तुमच्या फॉर्मवरच्या दोन नावांपैकी पहिल्या संस्थेचा पहिला प्रमुख तो होता आणि दुसरीचा पहिला अध्यक्षही तोच. नाव शांतिस्वरूप भटनागर.

मळी, बॅटरी आणि एकांकिका

जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा. गाव भेरा, तेव्हाच्या पंजाबात, आता पाकिस्तानात. वडील परमेश्वरी सहाय शाळामास्तर. शांतिस्वरूप अवघा आठ महिन्यांचा असताना ते वारले. मग आई मुलाला घेऊन माहेरी आली, सिकंद्राबादला. हे हैदराबादजवळचं नव्हे, उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातलं.

आजोळी गेला म्हणून पोर बिचारं झालं, असं मात्र झालं नाही. आजोबा रुरकीला शिकलेले इंजिनीअर. घरात अवजारं, यंत्रं आणि त्यावरच्या गप्पा. नातू तिथे खेळणी जुळवायचा, बॅटऱ्या बनवायचा, दोरीचे टेलिफोन करायचा. आपणही काड्यापेटीचे फोन केलेत की! फरक एवढाच, की त्याचं तिथे थांबलं नाही.

१९०८ मध्ये वडिलांचे जुने स्नेही रघुनाथ सहाय त्याला लाहोरला घेऊन गेले. ते तिथल्या दयालसिंग हायस्कूलचे हेडमास्तर होते. मित्र गेला तरी त्याच्या पोराचं शिक्षण थांबू नये, हा तो जमाना. पुढे १९१५ मध्ये याच रघुनाथ सहायांची मुलगी लाजवंती शांतिस्वरूपची बायको झाली.

१९११ मध्ये तो दयालसिंग कॉलेजात गेला. वय सतरा. त्याच वर्षी अलाहाबादच्या लीडर या वर्तमानपत्रात त्याचं एक पत्र छापून आलं. विषय काय? बॅटरीत लागणारे कार्बनचे इलेक्ट्रोड महाग पडतात, तर मळी आणि कार्बन असलेला माल एकत्र दाबून, तापवून ते करता येतील. ज्यांच्या गावाजवळ साखर कारखाना आहे त्यांना मळी म्हणजे काय हे सांगायला नको. वास सगळं सांगतो! तर त्या टाकाऊ मळीतून बॅटरीचा भाग करायचा विचार हा पोरगा करत होता.

आणि म्हणून तो फक्त पुस्तकी किडा होता, असं समजू नका. कॉलेजच्या नाटक मंडळात तो जोरात होता. त्याने उर्दूत करामाती नावाची एकांकिका लिहिली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला १९१२ चं सर्वोत्तम नाटकाचं बक्षीस मिळालं. एकांकिकेच्या तालमीपायी प्रॅक्टिकल बुडवणारे दोस्त आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी ही ओळ घरी दाखवायला हरकत नाही.

जहाज मिळालं नाही, लंडन मिळालं

लाहोरच्याच फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये बीएस्सी, १९१९ मध्ये एमएस्सी. पुढे काय? परदेशात जायचं तर पैसे हवेत आणि ते घरी नव्हते. दयालसिंग ट्रस्टने स्कॉलरशिप दिली. बेत होता अमेरिकेला जायचा, वाटेत इंग्लंड.

इंग्लंडपर्यंत पोचला आणि अडकला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेला जाणारी जहाजं घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेली. तिकीटच मिळेना. मग ट्रस्टने परवानगी दिली, राहा तिथेच. शांतिस्वरूप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रोफेसर डोनन यांच्याकडे रिसर्चला लागला. १९२१ मध्ये डीएस्सी झाला.

या मुक्कामातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिथून निघतं. लंडनमध्ये त्याला ब्रिटिश सरकारच्या एका खात्याची फेलोशिप मिळत होती, वर्षाला २५० पौंड. त्या खात्याचं नाव डीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधनाचं खातं.

हे खातं निघालं होतं १९१६ मध्ये, ऐन युद्धात. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनच्या लक्षात आलं की रंग, रसायनं, दुर्बिणीच्या काचा या गोष्टी आपण चक्क शत्रूकडून, जर्मनीकडून घेत होतो. आता आणायच्या कुठून? तेव्हा सरकारला कळलं की संशोधन ही हौसेची गोष्ट नाही, त्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला काढावे लागतात. तरुण संशोधकांना पोसावं लागतं. कारखाने आणि विद्यापीठं यांची गाठ घालून द्यावी लागते.

भेऱ्याहून आलेला हा तरुण त्या व्यवस्थेचा लाभार्थी होता. सरकारी पैशाने संशोधन कसं चालतं, हे त्याने फाईलमधून नव्हे तर दर महिन्याचा खर्च भागवताना शिकून घेतलं.

चिखलाचा प्रश्न, दीड लाखाचं उत्तर

१९२१ मध्ये भटनागर परत आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात प्रोफेसर झाले. तिथे तीन वर्षं होते. बीएचयूचं कुलगीत आहे ना, जे आजही तिथे गायलं जातं, ते याच केमिस्ट्रीच्या प्रोफेसरने लिहिलेलं आहे.

१९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठात गेले आणि पुढची सोळा वर्षं तिथेच रमले. पदार्थाच्या चुंबकीय गुणांवरून त्याची रासायनिक रचना ओळखायची, हे त्यांचं खास काम. १९२८ मध्ये के. एन. माथुर यांच्यासोबत त्यांनी हे गुण मोजायचा एक नाजूक तराजू तयार केला. लंडनच्या ॲडम हिल्गर या कंपनीने तो बनवून विकायला काढला. १९३५ मध्ये दोघांचं या विषयावरचं पुस्तकही लंडनहून निघालं. म्हणजे लाहोरच्या लॅबमधली वस्तू लंडनच्या दुकानात. तेव्हा माल उलट्या दिशेने यायचा!

पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते चिखलामुळे.

रावळपिंडीकडे अटॉक ऑइल कंपनी तेलाच्या विहिरी खणत होती. खणताना ड्रिलसोबत पातळ चिखल सोडतात. तो खारट थरापर्यंत पोचला की घट्ट व्हायचा, मग दगडासारखा व्हायचा, आणि काम ठप्प. कंपनीचे लोक भटनागरांकडे आले. त्यांनी बघितलं, हा तर कोलॉइडचा प्रश्न! त्यांनी चिखलात एक देशी डिंक मिसळायला सांगितला. चिखल पातळ राहू लागला आणि मीठ लागलं तरी गोठेना. मोठं यंत्र नाही, परदेशी रसायन नाही, डिंक.

कंपनीचे मालक, लंडनचे स्टील ब्रदर्स, खूश झाले. त्यांनी पेट्रोलियमवर संशोधन करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख, हे विसरू नका.

इथे तुम्ही असता तर काय केलं असतं? विचार करा, घाई नाही.

भटनागरांनी सांगितलं, पैसे मला नकोत, विद्यापीठाला द्या. त्या पैशातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभागच उभा राहिला. मेणाचा वास कसा घालवायचा, रॉकेलची ज्योत कशी उंच करायची, तेल गाळून उरलेल्या टाकाऊ मालाचं काय करायचं, असे प्रश्न तिथे सुटू लागले. कंपनीला फायदा दिसला. तिने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांचा करार दहा वर्षांचा केला. मग दिल्लीच्या कापडगिरणीपासून मुंबईच्या टाटा ऑइल मिल्सपर्यंत बरेच जण आपापले प्रश्न घेऊन त्यांच्या दारात आले.

संशोधनातून येणारा पैसा खिशात घालायचा नाही, लॅबमध्ये घालायचा, हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांना हे इतकं भावलं की त्यांनी पत्र लिहून भटनागरांचं अभिनंदन केलं. हे साहा पुढे त्यांच्याशी चांगलेच भांडणार होते. त्याकडे येऊच.

युद्ध आलं, पाच लाख आले

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनला जे पहिल्या युद्धात कळलं होतं ते भारतातल्या इंग्रज सरकारला आता कळलं. समुद्रावर पाणबुड्या, जहाजं येत नाहीत, कच्चा माल नाही, रसायनं नाहीत. सगळं इथेच करावं लागणार. पण करणार कोण?

उद्योगांसाठी संशोधन करणारी एक छोटी सरकारी कचेरी १९३५ पासून होती, पण तिचं बजेट तुटपुंजं आणि स्वतःची धड लॅबही नाही. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये व्यापार खातं सांभाळणारे सर ए. रामस्वामी मुदलियार मागे लागले की ती बंद करा आणि ब्रिटनच्या डीएसआयआरसारखं काहीतरी दणकट काढा. १ एप्रिल १९४० ला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ सुरू झालं. मुदत दोन वर्षं. बजेट वर्षाला पाच लाख रुपये. अध्यक्ष मुदलियार आणि प्रत्यक्ष काम बघायला भटनागर. लाहोर सुटलं, कलकत्ता आलं. अलीपूरच्या सरकारी टेस्ट हाऊसमध्ये लॅब थाटली गेली.

पाच लाखात, दोन वर्षांत काय होतं? यादी बघा. विषारी वायूपासून वाचवणारं कापड, गणवेशाचे रंग, वनस्पती तेलांपासून इंजिनाचं इंधन आणि वंगण, दारूगोळा नेण्यासाठी प्लॅस्टिकची खोकी. सगळं युद्धाचंच. इंग्रजांना तेवढंच हवं होतं.

भटनागरांना त्याहून जास्त हवं होतं. युद्ध संपलं की हे मंडळ गुंडाळलं जाणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि एजन्सी चालते कशी हे समजून घ्यायचं असेल तर या दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

एक. १९४१ च्या सुरुवातीला त्यांनी सरकारला एक वेगळी समिती नेमायला लावली. तिचं काम एकच, लॅबमध्ये जे जमलं ते कारखान्यापर्यंत न्यायचं. कारखान्याने रॉयल्टी द्यायची. आणि ती रॉयल्टी सरकारच्या तिजोरीत गडप न होता पुन्हा संशोधनातच यायची. चिखलाच्या वेळचाच नियम, फक्त आता देशाच्या पातळीवर.

दोन. मुदलियारांनी केंद्रीय कायदेमंडळाकडून कायमची सोय मागून घेतली. १४ नोव्हेंबर १९४१ ला मंजुरी मिळाली. संशोधन निधी वर्षाला दहा लाख, सलग पाच वर्षं. पाच लाखाचे दहा झाले हे चांगलंच, पण खरी गंमत सलग या शब्दात आहे. ज्यांनी कधी वर्षावर्षाला रिन्यू होणाऱ्या प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना विचारा, पुढच्या वर्षाची खात्री असणं म्हणजे काय!

सोसायटी का काढली?

पैसे मिळाले. पण सांभाळायचे कुणी? सरकारी खात्याकडे दिले तर प्रत्येक बाटलीला टेंडर आणि प्रत्येक सहीला तीन महिने. मग तोडगा निघाला. खातं काढायचं नाही, सोसायटी काढायची. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे ना, ज्याखाली आपल्याकडची वाचनालयं आणि शिक्षणसंस्थाही नोंदवल्या जातात, त्याच कायद्याखाली एक स्वायत्त संस्था. पैसा सरकारचा, पण तो कुठे वापरायचा हे ठरवायला शास्त्रज्ञ, उद्योजक आणि अधिकारी एका टेबलावर.

२६ सप्टेंबर १९४२ ला ही संस्था सुरू झाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. तीच आपली सीएसआयआर.

तारीख पुन्हा वाचा. सप्टेंबर १९४२. ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतची हाक दिली गेली होती. काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. तुमच्या वयाची पोरं भूमिगत होती. आणि त्याच वेळी १९४१ मध्ये सर झालेले भटनागर इंग्रज सरकारच्या पैशाने भारताची संशोधन संस्था उभी करत होते.

हे बरोबर होतं का? सोपं उत्तर नाही. इंग्रजांच्या युद्धाला त्यांनी मदत केली हे खरं. आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाच्या हातात विज्ञानासाठी एक चालू यंत्रणा होती, हेही खरं. सत्ता कुणाचीही असो, यंत्रणा आपली असू द्या, असा त्यांचा मार्ग होता. तुम्हाला पटायलाच हवा असं नाही, पण त्याची किंमत समजून घ्यायला हवी.

एका वर्षात पाच

१९४३ मध्ये भटनागर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी त्यांनी परिषदेसमोर योजना मांडली, पाच राष्ट्रीय प्रयोगशाळांची. रसायन, भौतिकी, इंधन, काच आणि सिरॅमिक, धातू. १९४४ मध्ये सरकारने या लॅबसाठी एक कोटी रुपये मंजूर केले. टाटा उद्योगसमूहाने वीस लाख दिले.

मधल्या काळात काय काय झालं! १९४६ मध्ये लाजवंती गेल्या. भटनागरांच्या उर्दू कवितांचा संग्रह पुढे निघाला, त्याचं नाव लाजवंती. १९४७ ला फाळणी झाली. जन्मगाव गेलं, लाहोर गेलं, सोळा वर्षं जिथे घालवली ती लॅब दुसऱ्या देशात गेली. पण नवे पंतप्रधान नेहरू विज्ञानाच्या बाजूचे होते आणि त्यांनी परिषदेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. पंतप्रधान हाच सीएसआयआरचा अध्यक्ष, ही पद्धत आजही आहे.

१९५० साल उजाडलं. ३ जानेवारीला पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. हो, पाषाण रोडवरची आपली एनसीएल! तिची कोनशिला ६ एप्रिल १९४७ ला मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी बसवली होती, उद्घाटनाला नेहरू आले. २१ जानेवारीला दिल्लीत भौतिकी प्रयोगशाळा. एप्रिलमध्ये धनबादजवळ इंधनाची, ऑगस्टमध्ये कलकत्त्यात काचेची, नोव्हेंबरमध्ये जमशेदपूरला धातूंची. एका वर्षात पाचच्या पाच.

सरकारकडे पैसा कमी, म्हणून भटनागर फिरायचे आणि मागायचे. दक्षिणेत कराईकुडीला अलगप्पा चेट्टियार यांनी तीनशे एकर जमीन आणि पंधरा लाख रुपये दिले. तिथे विद्युत-रसायनाची लॅब झाली. म्हैसूरला राजघराण्याच्या हवेलीत अन्न संशोधन संस्था बसली. लखनौला औषध संशोधन सुरू झालं ते नवाबांच्या छत्तर मंझिल राजवाड्यात. इमारत बांधायला पैसे नाहीत? मग राजवाडा बघा! याला जुगाड म्हणायचं तर खुशाल म्हणा. ते गेले तोवर बारा राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या.

भांडणही झालं

आता साहांकडे येऊ. मेघनाद साहांचं म्हणणं असं होतं की संशोधनाची जागा विद्यापीठात आहे. तिथे तरुण मुलं असतात. सगळा पैसा, चांगली यंत्रं आणि हुशार माणसं लॅबकडे ओढली तर कॉलेजात शिकवणार कोण आणि मुलं शिकणार कुणाकडून? सी. व्ही. रामन यांनीही या नव्या लॅब-लाटेची जाहीर टिंगल केली. नुसत्या इमारती उभ्या करून विज्ञान होत नाही, असा त्यांचा रोख.

ही टीका चूक होती का? तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकता त्यावर तुमचं उत्तर अवलंबून आहे. तालुक्याच्या गावी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एका ब्युरेटमागे पाच जण उभे असतील, तर साहांचं म्हणणं तुम्हाला आज पंच्याहत्तर वर्षांनंतरही पटेल. राष्ट्रीय लॅब एकीकडे आणि विद्यापीठं दुसरीकडे, ही दरी आपल्याकडे पडली आणि ती पूर्ण बुजलेली नाही.

भटनागरांची बाजूही समजून घ्या. दहा-वीस लाख तुकड्या तुकड्यांत सगळीकडे वाटले तर कुठेच काही उभं राहत नाही. नव्या देशाला औषधं, खतं, धातू, इंधन लगेच हवं होतं. म्हणून त्यांनी पैसा मोजक्या जागी ओतला. पैसा वाटणाऱ्या प्रत्येक एजन्सीसमोर हाच पेच असतो. थोडं थोडं सगळ्यांना, की भरपूर मोजक्यांना? यात चूक नसलेलं उत्तर नाहीच.

आणि त्यांनी विद्यापीठांकडे पाठ फिरवली असंही नाही. २८ डिसेंबर १९५३ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचं उद्घाटन झालं, तेव्हा पहिले अध्यक्ष भटनागरच होते. यूजीसी. तुमच्या फॉर्मवरचं दुसरं नाव.

शेवटची वर्षं

साठीच्या आसपासचा हा माणूस एकाच वेळी किती खुर्च्या सांभाळत होता, बघा. सीएसआयआरचे प्रमुख. केंद्र सरकारचे सचिव. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगात होमी भाभा आणि के. एस. कृष्णन यांच्यासोबत तिसरे सदस्य. शिवाय तेल कंपन्यांशी वाटाघाटी करून देशात रिफायनऱ्या आणायचं काम. त्यातल्या दोन मुंबईत ट्रॉम्बेला झाल्या. चेंबूर-माहुलकडे राहणाऱ्यांना त्या चिमण्या ओळखीच्या आहेत. त्या भागातल्या हवेबद्दलच्या तक्रारीही ओळखीच्या आहेत. विकासाची ही बाजूही त्याच पानावर लिहायला हवी.

१९५४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १ जानेवारी १९५५ ला, वर्षाच्या पहिल्याच दिवशी, हृदयविकाराने ते गेले. वय साठ.

त्यांच्या नावाचा पुरस्कार पहिल्यांदा १९५८ मध्ये दिला गेला, तो के. एस. कृष्णन यांना. त्यानंतर ज्या ज्या भारतीय शास्त्रज्ञाने पंचेचाळिशीच्या आत मोठं काम केलं, त्याच्यासाठी भटनागर हे मोठ्या मानाचं नाव झालं. आता या पुरस्काराचं रूप बदललंय. तो विज्ञान युवा या नावाने दिला जातो, पण भटनागरांचं नाव त्यात कायम आहे.

मग आपला काय संबंध?

मतदान केल्यावर बोटावर जी शाई लागते ती सीएसआयआरच्या दिल्लीच्या लॅबमधून आली. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी दुधाची पावडर करायची रीत म्हैसूरच्या लॅबने काढली आणि ती अमूलने बाजारात आणली. नागपूरची नीरी, गोव्यात दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था, पुण्याची एनसीएल, या सगळ्या आज सीएसआयआरच्याच. देशभरात मिळून ३७ लॅब आहेत.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. भारत संशोधनावर जो खर्च करतो तो २०२०-२१ च्या आकड्यानुसार जीडीपीच्या फक्त ०.६४ टक्के. त्यातही सरकारचा वाटा मोठा, कंपन्यांचा लहान. फेलोशिप वाढवा म्हणून रिसर्च स्कॉलर्सना मोर्चे काढावे लागले, ते आपण पाहिलंय. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी मुलं आझाद मैदानात बसली, तेही पाहिलंय. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही नवी एजन्सी आली. पाच वर्षांत ५० हजार कोटींचं लक्ष्य आहे आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यावा अशी अपेक्षा. तो खरंच येतो का, हे बघावं लागेल. कारण कंपनीच्या पैशातून विद्यापीठात विभाग उभा करायचा प्रयोग लाहोरला नव्वद वर्षांपूर्वी झालेला आहे. तो जमला, कारण पैसे घेणाऱ्याची नियत साफ होती आणि देणाऱ्याने दहा वर्षं धीर धरला.

म्हणून फेलोशिप म्हणजे उपकार नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवा. वडिलांविना वाढलेल्या एका मुलाला आधी एका हेडमास्तरने, मग एका ट्रस्टने, मग एका सरकारी खात्याने हात दिला. त्याने तो हात पुढच्यांसाठी कायमचा पुढे राहील अशी सोय केली. ती सोय तुमच्यापर्यंत आलीये. ती वेळेवर मिळावी, पुरेशी मिळावी, तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीलाही मिळावी, हे मागणं तुमचा हक्क आहे.

आणि मिळालीच, तर त्या पैशातून शोधायचं काय, हे मात्र तुम्हालाच ठरवायचंय. आजूबाजूला नीट बघा. एखादा डिंक तुमच्याही हाताशी असेल.